पडद्यावरचे अरण्य आणि खरे अरण्य

निर्जन प्रदेशात एकाकी सापडलेला मनुष्य आपल्या बुद्धीच्या आणि धैर्याच्या बळावर कसा तग धरतो, ही कथा मानवजातीला प्राचीन काळापासून प्रिय आहे. वनवासाच्या कथा ऐकत भारतातील कित्येक पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या. इंग्लंडात १७१९ साली रॉबिन्सन क्रूसोची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून तिला वाचकांची वाण कधी पडली नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हीच कथा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नव्या रूपाने अवतरली. डोंगरात, वाळवंटात किंवा हिमप्रदेशात उतरलेला एखादा धाडसी पुरुष कड्यावरून खाली येतो, किडे खातो, लाकडावर लाकूड घासून अग्नी पेटवितो आणि तासाभराच्या आत मनुष्यवस्तीत सुखरूप परत येतो. हे दृश्य आता खेड्यापाड्यांतील मुलांनाही परिचित झाले आहे.

क्रूसोच्या कादंबरीत आणि या मालिकांत एक महत्त्वाचा भेद आहे. कादंबरी आपण कल्पित आहोत हे लपवीत नाही. या मालिका मात्र मनोरंजनाबरोबर शिकवणही देत असतात. अमुक प्रसंगी अमुक करा, म्हणजे प्राण वाचतील, असे त्यांतील नायक प्रेक्षकांकडे पाहून सांगतो. म्हणून त्या कितपत खऱ्या आहेत, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. चुकीचा धडा वर्गात शिकला तर गुण जातात. रानात शिकला तर प्राण जाऊ शकतो.

चित्रणाची दुसरी बाजू

या प्रकारातील सर्वांत गाजलेली मालिका म्हणजे डिस्कव्हरी वाहिनीवर २००६ साली सुरू झालेली ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’. तिचे नायक बेअर ग्रिल्स हे ब्रिटिश सैन्याच्या विशेष दलाच्या राखीव तुकडीत होते आणि १९९८ साली त्यांनी एव्हरेस्ट शिखर सर केले. त्यांच्या धैर्याविषयी किंवा कौशल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु २००७ साली निराळ्याच गोष्टी उजेडात आल्या. नायक अरण्यात एकाकी असल्याचे दाखविले गेले, त्यांपैकी काही रात्री त्याने प्रत्यक्षात विश्रामगृहात घालविल्या होत्या. रानटी म्हणून दाखविलेले घोडे माणसाळलेले होते, आणि एक तराफा सहकाऱ्यांनी आधीच बांधून पाहिलेला होता, अशाही बातम्या प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर वाहिनीने मालिकेच्या आरंभी खुलासा देण्यास सुरुवात केली. नायकाला व त्याच्या पथकाला धोक्याच्या वेळी मदत मिळते आणि काही प्रसंग कौशल्य दाखविण्यासाठी मुद्दाम योजलेले असतात, असा त्याचा आशय होता.

हा खुलासा प्रामाणिक होता. तथापि त्याचा अर्थ पुष्कळांच्या ध्यानात आला नाही. पडद्यावर एकट्या दिसणाऱ्या मनुष्यासमोर छायाचित्रक उभा असतो, हे उघड आहे. त्याच्याबरोबर ध्वनिमुद्रक, स्थानिक वाटाडे, दोर बांधणारे गिर्यारोहक आणि प्रथमोपचार जाणणारे लोक असतात. कड्यावरून उतरण्याची वाट आधी पाहून ठेवलेली असते. अनेक दिवसांचे चित्रण कापून, जोडून पाऊण तासाचा कार्यक्रम तयार होतो. या कापाकापीत जे गळते ते बहुधा कंटाळवाणे असते: बसून राहणे, वाट पाहणे, पुन्हा पुन्हा फसलेला प्रयत्न. पण खऱ्या अरण्यातील जीवनाचा मोठा भाग याच कंटाळवाण्या गोष्टींनी भरलेला असतो.

या धाडसात खरी संकटे नसतात असेही नाही. मात्र ती पुष्कळदा वाघ-सापांकडून न येता चित्रणाच्या व्यवस्थेतूनच येतात. ९ मार्च २०१५ रोजी अर्जेंटिनात एका फ्रेंच साहसमालिकेच्या चित्रणाच्या वेळी दोन हेलिकॉप्टरांची टक्कर होऊन दहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत फ्रान्सचे तीन नामांकित क्रीडापटू होते.

सर्वच मालिका एका माळेतील मणी नव्हेत. कॅनडाचे लेस स्ट्राउड यांनी २००४ साली सुरू केलेल्या ‘सर्व्हायव्हरमॅन’ या मालिकेत छायाचित्रक बरोबर नसे. साधारण सात दिवस ते एकटे राहत आणि कॅमेऱ्यांचे ओझे स्वतःच वाहत. आपण दूर चालत जात आहोत असे एक दृश्य टिपायचे, तर त्यांना कॅमेरा ठेवून पुढे जावे लागे, तो घेण्यासाठी मागे यावे लागे आणि मग पुन्हा पुढे जावे लागे. एकच वाट तीनदा तुडवावी लागे. या मालिकेत नायक पुष्कळदा उपाशी राहतो, शिकारीचे सापळे रिकामे सापडतात, आणि रात्र थंडीत कुडकुडत जाते.

२०१५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अलोन’ या मालिकेने याच वाटेने आणखी पुढे पाऊल टाकले. तिच्यातील स्पर्धक निवडक दहा वस्तू घेऊन एकेकटे सोडले जातात आणि आपले चित्रण स्वतः करतात. पहिल्या वर्षी व्हँकूव्हर बेटावर विजेता ५६ दिवस टिकला; २०२० साली दाखविलेल्या सातव्या पर्वात कॅनडातील ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी एक स्पर्धक १०० दिवस राहिला. तरीही प्रत्येकाजवळ उपग्रहाद्वारे संदेश धाडणारे यंत्र असते आणि डॉक्टर ठराविक काळाने येऊन तपासणी करतात. वजन धोक्याच्या मर्यादेखाली गेले की स्पर्धकाला बाहेर काढले जाते. म्हणजे सर्वांत वास्तव मालिकेतसुद्धा मृत्यूच्या दारावर पहारा असतोच. अपघाताने वाट चुकलेल्या मनुष्याला हा पहारा नसतो.

पाण्याचा हिशेब

शरीराला कशाची गरज किती निकडीची आहे, याचा एक स्थूल क्रम शिकवण्याची पद्धत आहे. हवेवाचून सुमारे तीन मिनिटे, अतिशीत किंवा अत्युष्ण हवामानात आसऱ्यावाचून सुमारे तीन तास, पाण्यावाचून सुमारे तीन दिवस आणि अन्नावाचून सुमारे तीन आठवडे. हे आकडे काटेकोर नव्हेत, पण त्यांचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पडद्यावर हा क्रम नेमका उलटा होतो. अन्न मिळविणे हे चित्तथरारक असते. म्हणून नायक प्रथम शिकारीच्या मागे लागतो. सावलीत स्वस्थ बसणे हे प्राण वाचविणारे असले तरी पाहणाऱ्याला त्यात काही रस नसतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ एडवर्ड ॲडॉल्फ आणि त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष १९४७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पाणी कमी प्याल्याने घाम कमी येतो ही समजूत त्यांनी खोटी ठरविली. घाम हा उष्णता आणि श्रम यांवर अवलंबून असतो, पाण्याच्या काटकसरीवर नव्हे. म्हणून बाटलीत राखून ठेवलेल्या पाण्यापेक्षा पोटात गेलेले पाणी अधिक उपयोगी. पाणी वाचवावयाचे असेल तर घाम वाचवावा: दिवसा सावलीत पडून राहावे आणि चालणे भागच असेल तर रात्री चालावे. भर दुपारी वाळूच्या टेकड्यांवरून धावणारा नायक नेमके याच्या विरुद्ध वागत असतो. उन्हात कष्ट करणाऱ्याच्या अंगातून ताशी एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो.

मूत्रप्राशनाचा प्रकार मालिकांनी विशेष प्रसिद्ध केला. मूत्र म्हणजे शरीराने बाहेर टाकलेले क्षार आणि टाकाऊ द्रव्ये होत. तहानलेल्या मनुष्याचे मूत्र आधीच घट्ट झालेले असते. ते पुन्हा पोटात घेतले की तेच क्षार बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडांना पुन्हा पाणी खर्चावे लागते. समुद्राचे पाणी पिण्यातही हाच तोटा आहे. अमेरिकी सैन्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेने दोन्ही गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत. जमिनीत खड्डा खणून त्यावर प्लास्टिकचा पडदा ताणावयाचा आणि सूर्याच्या उष्णतेने मातीतील ओल गोळा करावयाची, ही युक्ती अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडली. तिच्यामागील भौतिकशास्त्र निर्दोष आहे. परंतु कोरड्या जमिनीत उन्हात खड्डा खणताना गेलेला घाम मिळणाऱ्या पाण्याहून अधिक भरू शकतो, हा हिशेब पडद्यावर मांडला जात नाही.

शीताचा हिशेब

थंड पाण्यात उडी घेणे हाही मालिकांचा आवडता प्रसंग आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीझब्रेख्ट यांनी बर्फाळ पाण्यात पडलेल्या मनुष्यासाठी एक सोपे सूत्र सांगितले आहे: श्वास ताब्यात आणण्यास एक मिनिट, हातपाय उपयोगी पडतील अशी दहा मिनिटे आणि शुद्ध हरपण्यापूर्वी सुमारे एक तास. पहिल्याच मिनिटात अनावर धाप लागून नाकातोंडात पाणी जाते आणि पुष्कळ जण तेव्हाच बुडतात. पडद्यावरील नायक पाण्यातून निघताच शेकोटीजवळ किंवा कॅमेऱ्यामागील उबदार वस्त्रांत शिरतो. ज्याच्यामागे अशी ऊब नाही, त्याने नदी ओलांडण्याऐवजी वाट बदलणे हेच शहाणपण होय.

शीतबाधा केवळ हिमालयातच होते असे नव्हे. तापमान गोठणबिंदूच्या पुष्कळ वर असतानाही भिजलेले सुती कपडे आणि वारा एकत्र आले की शरीराची ऊब झपाट्याने जाते. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यावर अडकलेल्या पर्यटकासाठी हा धोका वन्य पशूंपेक्षा अधिक खरा आहे.

भुकेचा हिशेब

१९४४–४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांवर उपासमारीचा प्रयोग केला. २४ आठवडे त्यांना दररोज सुमारे १५७० कॅलरी इतकेच अन्न दिले गेले. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. मन उदास व चिडचिडे झाले. अन्नाखेरीज दुसरा विचार सुचेनासा झाला. तरीही ते जगले. यावरून दोन गोष्टी दिसतात. निरोगी मनुष्य भूक बराच काळ सोसू शकतो, म्हणून वाट चुकल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत अन्नासाठी जीव धोक्यात घालण्याचे कारण नसते. दुसरी गोष्ट अशी की, मूठभर किड्यांनी किंवा एखाद्या बेडकाने भागणारी ही गरज नव्हे. ‘अलोन’मधील स्पर्धक मासे मिळत असतानाही आठवड्यागणिक वाळत जातात, ते यामुळेच.

केवळ मांस मिळाले म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. उत्तर ध्रुवप्रदेशाचे संशोधक विल्यालमुर स्टेफान्सन यांनी १९२८ साली न्यूयॉर्कच्या रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली निव्वळ मांसाहाराचा प्रयोग केला. चरबीविरहित मांस खाऊन ते दोन-तीन दिवसांतच आजारी पडले. चरबी मिळताच बरे झाले. ससा मारून पोट भरणाऱ्या नायकाच्या कथेत ही गोष्ट क्वचितच येते.

कच्चे प्राणी खाण्याचे परिणाम तर याहूनही गंभीर होऊ शकतात. ऑस्ट्रेलियात २०१० साली एका तरुणाने मित्रांच्या मेळाव्यात बिनशंखाची गोगलगाय कच्ची खाल्ली. तिच्यातील परोपजीवी जंत त्याच्या मेंदूपर्यंत पोहोचला. तो दीर्घ काळ बेशुद्ध राहिला, कायमचा विकल झाला आणि २०१८ साली मरण पावला. भारतातील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घोरपडीसारखे प्राणी पकडणे किंवा मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.

अग्नी, दिशा आणि सर्प

लाकडावर लाकूड घासून अग्नी निर्माण होतो, हे खरे आहे. भारतात यज्ञासाठी अरणीच्या मंथनाने अग्नी पाडण्याची परंपरा वैदिक काळापासून चालत आली आहे. पण ते मंथन करणारे लोक लाकूड निवडून, वाळवून, जपून ठेवीत, आणि ती क्रिया हाताखाली शिकून घेत. ओल्या रानात, थकल्या हातांनी, पहिल्याच प्रयत्नात ती साधेल अशी आशा करणे व्यर्थ होय. दहा रुपयांचा लायटर किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काड्यापेटी हे अधिक शास्त्रीय साधन आहे.

नाकासमोर चालत राहिले म्हणजे कोठेतरी वस्ती लागेल, हा दुसरा समज. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जर्मनीच्या अरण्यात आणि ट्यूनिशियाच्या वाळवंटात लोकांना सरळ रेषेत चालण्यास सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ते बऱ्यापैकी सरळ गेले. तो झाकला जाताच ते नकळत वळसे घेऊन स्वतःच्याच वाटेवर परत आले. डोळे बांधलेले लोक तर पुष्कळदा वीस मीटरहून लहान वर्तुळात फिरत राहिले. अंतर्मनातील दिशेच्या जाणिवेवर विसंबणारा मनुष्य किती फसतो, याचे हे प्रत्यक्ष प्रमाण आहे.

सर्पदंशाच्या बाबतीत मालिका आणि जुने चित्रपट यांनी मिळून फार हानी केली आहे. जखम कापणे, विष तोंडाने ओढणे, दोरीने घट्ट आवळणे या तिन्ही गोष्टी निरुपयोगी आणि घातक आहेत. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख लोक मरण पावले असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. यांतील बहुसंख्य मृत्यू घनदाट अरण्यात न होता खेड्यांत, शेतांत व घरांत झाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सर्पांच्या विषावर चालणारी प्रतिविषलस भारतात तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कार्याशी दीर्घ काळ जोडलेले आहे. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून, रुग्णाला धीर देऊन, विनाविलंब रुग्णालयात नेणे हाच उपचार होय. त्यात नाट्य नाही, पण जीवन आहे.

जे खरोखर वाचले

पडद्याबाहेर घडलेल्या घटनांकडे पाहिले म्हणजे टिकून राहण्याचे शास्त्र निराळेच दिसते. २४ डिसेंबर १९७१ रोजी पेरू देशात वादळात सापडून एक विमान अरण्यावर कोसळले. ९२ जणांपैकी युलियाने केप्के ही सतरा वर्षांची मुलगी तेवढी वाचली. सुमारे तीन हजार मीटर उंचीवरून ती आसनासकट खाली पडली होती. गळ्याचे हाड मोडले होते, जवळ अन्न म्हणून थोड्या गोळ्या होत्या. तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ असल्याने ती अरण्यातील संशोधनकेंद्रात राहिलेली होती. पाण्याचा ओहोळ नदीला मिळतो आणि नदीकाठी माणसे असतात, हे वडिलांनी तिला शिकविले होते. ती दहाहून अधिक दिवस ओहोळाच्या कडेने चालली आणि अखेर लाकूडतोड्यांच्या खोपटापाशी पोहोचली. तिने शिकार केली नाही की अग्नी पेटविला नाही. तिच्याजवळ होते ते त्या विशिष्ट भूमीचे ज्ञान.

१ मे २०२३ रोजी कोलंबियाच्या अरण्यात एक लहान विमान पडले आणि त्यातील तिन्ही प्रौढ मरण पावले. उरलेली चार आदिवासी भावंडे ४० दिवसांनंतर, ९ जून रोजी, जिवंत सापडली. थोरली बहीण तेरा वर्षांची होती आणि धाकटे मूल जेमतेम वर्षाचे. विमानातील कसाव्याचे पीठ आणि रानातील फळे यांवर त्यांनी दिवस काढले. कोणते फळ खाण्याजोगे आहे हे मुलीला घरच्या वडीलधाऱ्यांकडून ठाऊक होते. त्यांना शोधून काढण्यासाठी सैनिकांबरोबर आदिवासी मागकाढेही झटत होते. ज्याला पडद्यावर ‘निसर्गाशी झुंज’ म्हणतात, ते अरण्यवासी समाजांच्या दृष्टीने पिढ्यानपिढ्यांचे रोजचे ज्ञान असते.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील ॲरन राल्स्टन यांचे. एप्रिल २००३ मध्ये युटा राज्यातील एका अरुंद घळीत त्यांचा हात घसरलेल्या शिळेखाली अडकला. आपण कोठे जात आहोत हे त्यांनी कोणालाही सांगितलेले नव्हते, त्यामुळे शोधासाठी वेळेवर कोणी येण्याची आशा नव्हती. पाच दिवसांनंतर त्यांनी स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. त्यांचे धैर्य असामान्य होते यात शंका नाही. पण घरी ठेवलेल्या एका चिठ्ठीने कदाचित तो प्रसंग टळला असता, हाही धडा त्यातच आहे. केरळातील मलमपुझाजवळच्या डोंगरात फेब्रुवारी २०२२ मध्ये घसरून कपारीत अडकलेला एक तरुण अन्नपाण्यावाचून दोन दिवस तेथेच बसून राहिला आणि अखेर लष्कराच्या पथकाने त्याला दोराने वर काढले. आणखी खाली उतरण्याचे साहस त्याने केले नाही, म्हणून तो वाचला.

पाहावे, पण कसे?

मग या मालिका पाहूच नयेत काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. त्यांनी लाखो प्रेक्षकांना दूरच्या प्रदेशांचे दर्शन घडविले आणि तरुणांच्या मनात डोंगररानांची ओढ निर्माण केली. ऑगस्ट २०१९ मध्ये कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात चित्रित झालेला आणि पुढे मार्च २०२० मध्ये बंडीपूरचा भाग प्रसारित झाला, तेव्हा आपल्या अभयारण्यांची चर्चा घरोघरी झाली. मात्र सर्कशीतील झुल्यावरचा खेळ पाहून कोणी छपरावरून उडी मारीत नाही, हाच विवेक येथेही हवा. प्रत्येक प्रसंगी तीन प्रश्न विचारावे: हे दृश्य टिपणारा कोठे उभा आहे? हा प्रयत्न फसला असता तर पुढे काय झाले असते? आणि याहून कमी धोक्याची दुसरी वाट नव्हती काय?

रानात जाणाऱ्याने करावयाच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. कोठे जाणार व केव्हा परतणार हे घरी सांगावे. माहीतगार मनुष्य बरोबर घ्यावा. पाणी, शिट्टी, विजेरी, काड्यापेटी आणि उबदार, न भिजणारे वस्त्र जवळ ठेवावे. वाट चुकली असे वाटताच थांबावे, आसरा शोधावा, खूण करावी आणि दूरध्वनी लागत असल्यास ११२ या क्रमांकावर कळवावे. ओढ्याचे पाणी प्यावे लागले तर ते खळखळून उकळल्यावर किमान एक मिनिट तसेच उकळू द्यावे. ज्यांना अधिक शिकावयाचे असेल त्यांच्यासाठी १९५४ साली स्थापन झालेली दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था आणि १९६५ साली स्थापन झालेली उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था यांसारख्या संस्था आहेत.

यांतील एकही गोष्ट पडद्यावर शोभणारी नाही. शिट्टी वाजवीत झाडाखाली बसलेल्या मनुष्याचे चित्रण तासभर कोण पाहील? परंतु शोधपथकाला जिवंत सापडतो तो बहुधा असाच मनुष्य.